स्ट्राडला मरण का नाही?

"गेमवरून लिहिलेली कादंबरी" असं म्हटलं की चांगलं वाचणारे लोक लगेच नाक मुरडतात. सिनेमावरून लिहिलेली, सीरियलवरून लिहिलेली आणि गेमवरून लिहिलेली कादंबरी म्हणजे त्यांच्या लेखी टी-शर्ट आणि कॉफीच्या मगांच्या शेजारी विकायची वस्तू. त्यात ती व्हॅम्पायरची असली तर विचारायलाच नको. दुसऱ्या बाजूला गेमचे भक्त. त्यांचा निकष आणखी सोपा. पुस्तकात सगळं नियमाप्रमाणे आहे ना? अमुक मंत्र त्याला इतक्या लवकर कसा काय आला? सनावळी का जुळत नाही? माझ्या मते हे दोन्ही पक्ष पुस्तक न वाचताच निकाल देतात. एकाने फक्त मुखपृष्ठ पाहिलेलं असतं, दुसऱ्याने फक्त नियमपुस्तक.

मग अशी कादंबरी तोलायची कशी? हवेत बोलण्यापेक्षा एकच पुस्तक समोर घेऊ. पी. एन. एलरॉड या अमेरिकन लेखिकेचं 'आय, स्ट्राड', १९९३ सालचं.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये आणला. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि त्याची ताकद, बुद्धी, चपळाई वगैरे एका कागदावर आकड्यांत लिहिलेली असते. एक जण सूत्रधार. तो सांगतो, "तुम्ही दार ढकललंत, आत अंधार आहे, कुबट वास येतोय. काय करणार?" खेळणारे आपापलं सांगतात आणि जमलं की फसलं ते फासे ठरवतात. कॉम्प्युटर नाही, पडदा नाही. सगळा खेळ बोलण्यातून उभा राहतो.

आता गंमत बघा. ट्रेसी हिकमन हा लेखक असाच एकदा खेळायला बसला होता. तळघरातून फिरताना एका खोलीत त्याच्या पात्राला एक व्हॅम्पायर भेटला. बाकीच्या राक्षसांसारखाच, कोणीतरी आणून ठेवावा तसा. हिकमनला प्रश्न पडला की हा इथे करतोय काय? इतका जुना, इतका धूर्त प्राणी या तळघरात कोणाची वाट बघत उभा आहे? हा किस्सा त्याने स्वतःच लिहून ठेवला आहे. त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्याने आणि त्याची पत्नी लॉरा हिने १९८३ मध्ये 'रेव्हनलॉफ्ट' लिहिलं. ही कादंबरी नव्हे हं, इतरांनी खेळावं म्हणून छापलेली छोटी पुस्तिका. किल्ल्याचे नकाशे, कोणत्या खोलीत काय आहे याची वर्णनं आणि किल्ल्याचा मालक काउंट स्ट्राड फॉन झारोविच.

या पुस्तिकेत दोन गोष्टी अशा आहेत की माझा सगळा मुद्दा त्यांच्यावर उभा आहे.

पहिली गोष्ट पत्त्यांची. मादाम एवा नावाची एक भटकी म्हातारी खेळाडूंचं भविष्य पत्त्यांवर वाचते. ते पत्ते खरोखरच पिसायचे असतात. व्हॅम्पायरला मारणारी तलवार कुठे लपवलीय, तो स्वतः कुठे सापडेल हे त्यावरून ठरतं. आणि नीट ऐका, यावेळी त्याचा हेतू काय आहे हेही त्यावरूनच ठरतं! म्हणजे एका शनिवारी स्ट्राड प्रेमात आंधळा झालेला असतो, तर पुढच्या वेळी दुसऱ्या मंडळींशी खेळताना त्याच्या डोक्यात भलतंच काहीतरी असतं. आमच्या भाषेत सांगायचं तर खलनायकाचा हेतू रँडम नंबर जनरेटरमधून येतो. खेळ म्हणून ही कल्पना अफलातून आहे. तीच पुस्तिका पुन्हा खेळता येते आणि आधी खेळलेल्यालाही शेवट ठाऊक नसतो.

दुसरी गोष्ट एका पानाची. किल्ल्यात स्ट्राडची रोजनिशी सापडते आणि तिच्यातला मजकूर खेळाडूंना वाचून दाखवायचा असतो. मी योद्धा होतो, तारुण्य लढायांत गेलं, धाकट्या भावाच्या वधूवर माझं मन बसलं, मी मृत्यूशी करार केला, भावाला मारलं, तिने कड्यावरून उडी टाकली. संपलं. एलरॉडची अख्खी कादंबरी या एका पानातून उगवलेली आहे.

कादंबरीत पत्ते पिसता येत नाहीत. तिथे एकदाच पान उलटायचं आणि ते कायमचं. म्हणून गेमवरच्या कादंबरीला माझा पहिला प्रश्न असा असतो की खेळात जे मोकळं ठेवलेलं होतं ते लेखकाने बंद केलं का, आणि बंद करताना त्याची किंमत कोणाकडून वसूल केली? नियम पाळले की मोडले हा प्रश्न माझ्यासाठी दुय्यम आहे.

आता नियमांचं. व्हॅम्पायर गेमच्या हाती सापडला म्हणून नियमांत अडकला आणि बिचाऱ्याचं साहित्यमूल्य गेलं, असं एक मत ऐकू येतं. मला ते पटत नाही. भुताखेतांच्या दुनियेत व्हॅम्पायरइतका नियमांनी बांधलेला दुसरा कोणी नसेल. ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'त (१८९७) व्हॅन हेल्सिंग सगळ्यांना समोर बसवून यादीच सांगतो. आमंत्रणाशिवाय घरात शिरता येत नाही, आरशात दिसत नाही, लसूण चालत नाही, वगैरे वगैरे. चक्क स्पेसिफिकेशन आहे ते! शिवाय हे स्पेसिफिकेशन दर काही वर्षांनी बदलत आलंय. पोलिडोरीच्या १८१९ मधल्या कथेतला व्हॅम्पायर चांदण्याने पुन्हा जिवंत होतो. स्टोकरचा ड्रॅक्युला लंडनमध्ये भर दिवसा फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी झालेली असते. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय, पण ते आलं १९२२ च्या 'नोस्फेरातू' या मूकपटातून. म्हणजे खेळाच्या टेबलापर्यंत यायच्या आधीच या प्राण्याची नियमावली शंभर वर्षं घडत होती. मराठीत धारपांची 'लुचाई' ज्यांनी रात्री एकट्याने वाचलीय (मूळ बेत स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'चा, तो १९७५ चा), त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. हा प्राणी काय करू शकत नाही ते एकदा कळलं की भीती कमी होत नाही, उलट तिला धार येते.

उलटा रस्ताही आहे बरं का. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या जुन्या नियमांत जादूगार मंत्र पाठ करायचा आणि एकदा वापरला की तो मंत्र डोक्यातून पुसला जायचा. ही कल्पना जॅक व्हान्सच्या 'द डाइंग अर्थ' या १९५० च्या पुस्तकातून उचललेली आहे. साहित्याने खेळाला नियम दिले, मग खेळाने साहित्याला परत दिले. त्यात कोणी बाटलं वगैरे नाही.

पण काही नियम खरोखरच कादंबरीत चालत नाहीत. जुन्या नियमांत व्हॅम्पायरचा फटका बसला की तुमच्या पात्राच्या दोन 'लेव्हल' जातात. महिनोन्महिने खेळून कमावलेल्या दोन पायऱ्या एका फटक्यात गायब. टेबलावर यासारखी भीती नाही, मोठमोठे बाप्ये रडकुंडीला येतात :) आता हे कादंबरीत लिहून दाखवा. "त्याच्या दोन लेव्हल गेल्या" असं तर लिहिता येत नाही. मग लेखक लिहितो की त्याला अशक्तपणा जाणवला. संपली भीती! टेबलावरची भीती तुमच्या स्वतःच्या नुकसानीची असते, पुस्तकात ती दुसऱ्याच्या नुकसानीची होते. ज्या लेखकाला हा फरक कळत नाही त्याच्या पुस्तकात फाशांचा आवाज ऐकू येतो. दर दहा पानांनी मारामारी, मारामारीनंतर जखमांवर उपचार, मग पुढची खोली.

'आय, स्ट्राड'मध्ये हा आवाज फार थोड्या जागी येतो. एक तर एलरॉडचा हात आधीच बसलेला होता. तिच्या 'व्हॅम्पायर फाइल्स' या मालिकेत १९३० च्या दशकातल्या शिकागोमधला एक पत्रकार व्हॅम्पायर होतो आणि स्वतःची गोष्ट स्वतःच सांगतो. 'मी' म्हणणारा व्हॅम्पायर कसा लिहायचा हे तिला ठाऊक होतं. दुसरं म्हणजे तिने सुरुवात रक्तापासून केलेली नाही. पुस्तकाच्या पहिल्या भागात स्ट्राड अजून माणूस आहे. लढाया संपवून जिंकलेल्या बारोव्हियाच्या खोऱ्यात तो आलाय आणि आता कारभार करायचाय. चाळिशी उलटलेला सेनापती. ज्यासाठी आयुष्य घातलं ते हातात आलं, आणि हातात आल्यावर काय करायचं ते कळत नाही. इतकी वर्षं एकाच प्रोजेक्टवर घासल्यावर रिलीजच्या दुसऱ्या दिवशी जे रिकामपण येतं तेच हे, फक्त तलवारीसकट. मग धाकटा भाऊ सर्गेई येतो. देखणा, सगळ्यांचा लाडका, मनाने चांगला. वाचकालाही तो आवडतो, हे महत्त्वाचं. सर्गेईची वधू तात्याना स्ट्राडला आदराने वागवते, वडीलधाऱ्यासारखं. त्या आदरानेच तो जळतो.

आणि मग करार. कादंबरीची खरी परीक्षा इथे आहे. रोजनिशीच्या पानावर करार एका वाक्यात उरकतो. एलरॉड त्याच्यामध्ये आलेक ग्विलिमला उभा करते. आलेक म्हणजे स्ट्राडचा उजवा हात, जुना सोबती, तोंडावर खरं बोलणारा एकमेव माणूस. भावाच्या आधी या आलेकचा बळी जातो. व्हॅम्पायरचं पहिलं रक्त परक्याचं नाही, घरच्याचं आहे. रक्त पिण्याचा नियम प्रत्येक व्हॅम्पायरला लागू असतो, तो गेमने दिला, सिनेमाने दिला, सगळ्यांनी दिला. पण तो नियम या माणसाला काय महाग पडला ते फक्त कादंबरी सांगू शकते. मी ज्याला किंमत वसूल करणं म्हणतो ते हे.

पुस्तकाचा दुसरा गुण म्हणजे ते स्ट्राडवर विश्वास ठेवत नाही. ही रोजनिशी आहे आणि ती आपल्याआधी व्हॅन रिख्टेन हा व्हॅम्पायरांचा शिकारी किल्ल्यात चोरून शिरून वाचतोय. त्यामुळे आपण शत्रूच्या खांद्यावरून वाचतो. स्ट्राड सतत स्वतःची बाजू मांडतो. मी न्यायी होतो, मी दिलेला शब्द पाळतो, दगा दुसऱ्यांनी दिला. दगा खरंच झालेला असतो, लिओ डिलिस्न्या नावाचा सरदार त्याच दिवशी किल्ल्यात कत्तल घडवतो. पण लिओच्या दग्याबद्दल पोटतिडकीने लिहिणारा हा गृहस्थ त्याच दिवशी स्वतः भावाचा खून करून आलेला असतो, आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही. एलरॉड हे कुठेही अधोरेखित करत नाही, नुसतं लिहून पुढे जाते. अनेक लोक हे पुस्तक शोकांत प्रेमकथा म्हणून वाचतात. माझ्या मते ते स्ट्राडच्या जाळ्यात सापडलेले वाचक आहेत. जो माणूस भावाला मारून त्याच्या वधूला "आता तू माझी" म्हणतो, त्याच्या त्या भावनेला प्रेम हा शब्द तो स्वतः वापरतोय. आपण का वापरायचा?

आता दोष. छोटामोठा नाही, चांगला मोठा आहे.

तात्याना. हिच्यासाठी भावाचा खून झाला, हिच्यासाठी एक माणूस व्हॅम्पायर झाला, पूर्ण देश धुक्यात कोंडला गेला. आणि ही बाई कोण आहे? सुंदर आहे, चांगली आहे, सर्गेईवर तिचं प्रेम आहे. एवढंच. स्ट्राडला ती दिसत नाही हे मान्य, तो आंधळाच आहे. पण आलेक आपल्याला स्ट्राडच्याच नजरेतून दिसतो ना? तरी तो माणूस वाटतो, त्याचे टोमणे लक्षात राहतात. म्हणजे लेखिकेला जमत होतं. तात्यानाच्या बाबतीत गेमचा एक नियम तसाच उरलाय. १९८३ च्या पुस्तिकेत इरीना कोलियाना नावाची मुलगी आहे, तात्यानाचाच चेहरा घेऊन आलेली. खेळाडूंनी तिला वाचवायचं, स्ट्राडने तिला मिळवायचं. तलवार जशी शोधायची वस्तू, तशी ही सांभाळायची वस्तू. एलरॉडने बाकी सगळं मोडून नव्याने रचलं, हे मात्र नकाशावर होतं तिथेच ठेवलं.

त्यातल्या त्यात पुनर्जन्माची युक्ती तिने छान सोडवलीय. खेळात इरीना दर खेळाला पुन्हा लागते, कारण नवी मंडळी येणार, नवा डाव मांडणार. ही उत्पादनाची गरज आहे. स्ट्राडलाही म्हणूनच मरण नाही, कंपनीला पुढच्या वर्षीही तो विकायचा असतो! कादंबरीत हीच गरज शाप बनते. पिढ्या जातात, तोच चेहरा घेऊन मरीना नावाची मुलगी जन्माला येते आणि तीही त्याच्या हातून निसटून मरते. मग पुन्हा वाट बघणं. हिकमनला पडलेल्या प्रश्नाचं, की हा इथे कोणाची वाट बघत उभा आहे, उत्तर मिळतं. 'रीसेट' बटणाचं रूपांतर नरकात करणं हे साधं काम नाही, आणि बाईंनी ते केलंय.

याच्यापुढे १९९८ चा दुसरा भाग मला फिका वाटला. त्यात स्ट्राड विरुद्ध अझालिन, दोघेही खलनायक आणि दोघेही गेमला हवे असलेले. कोणीच कोणाला संपवू शकणार नाही हे पहिल्या पानाआधीच ठाऊक असतं. पहिल्या भागातला शाप तिथे नुसता करारनामा उरतो.

'व्हॅम्पायर: द मास्करेड' या दुसऱ्या खेळावरच्या कादंबऱ्यांचीही अडचण अशीच. तो खेळ १९९१ चा, व्हाइट वुल्फ कंपनीचा, आणि खेळाडू तिथे स्वतःच व्हॅम्पायर असतात. किती माणुसकी शिल्लक राहिली याचा चक्क आकडा असतो, दहापासून खाली उतरत जाणारा. कल्पना जबरदस्त आहे. पण १९९९-२००० मध्ये त्यांनी तेरा कुळांवर तेरा कादंबऱ्या काढल्या, प्रत्येक कुळाला एक. कोटा ठरल्यासारखं. कलावंत कुळातला कलावंतासारखा वागणार, वेड्या कुळातला वेड्यासारखा. काही भाग वेगवान आहेत, पण पात्राच्या आधी त्याचं कुळ खोलीत शिरतं.

कुळावरून आठवलं. स्ट्राडच्या जगात व्हिस्तानी नावाचे भटके लोक आहेत. गाड्यांतून फिरणारे, पत्ते वाचणारे, लबाड, दारूडे, पैशासाठी खलनायकाची हेरगिरी करणारे. उघडउघड युरोपातले रोमा. मराठी वाचकाने इथे जरा थांबावं, कारण रोमा लोकांचे पूर्वज भारतातून गेलेले आहेत. त्यांच्या भाषेत कानाला 'कान' म्हणतात आणि नाकाला 'नाख'. खेळात एखाद्या जमातीला "स्वभाव: लबाड" असा शिक्का मारला की तो नियम होतो, आणि त्यावरच्या कादंबरीत तो निसर्ग होऊन बसतो. 'मास्करेड'मध्ये रावनोस कुळाचं तेच केलं होतं. मूळ भारताकडचं, आणि गुन्ह्याची खोड हा कुळाचा छापील दोष! मूळ खेळाची सध्याची मालक कंपनी विझार्ड्स ऑफ द कोस्ट हिने २०२० मध्ये व्हिस्तानींचं चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं आणि २०१६ च्या 'कर्स ऑफ स्ट्राड'मधला काही मजकूर सुधारला. खेळाला पॅच मारता येतो. १९९३ ची कादंबरी आहे तशीच आहे आणि ती तशीच वाचली पाहिजे, डोळे उघडे ठेवून.

असो. माझं मत विचाराल तर 'आय, स्ट्राड' वाचाच, गेमचा गंध नसेल तरीही. उलट नसलेलाच बरा. आलेक पुढे काय होणार हे तुम्हाला माहीत नसेल आणि सनावळी जुळवत बसण्याचा मोह होणार नाही. मी सांगून रसभंग केलाय म्हणाल, तर हरकत नाही. मेजवानीचा दिवस, लग्नाची तयारी, सर्गेई निरागसपणे मोठ्या भावाशी बोलतोय आणि आपल्याला सगळं ठाऊक आहे, तो भाग ठाऊक असूनच जास्त वाईट वाटतो. शेवटचा तिसरा हिस्सा घाईत वाचलात तरी चालेल. आणि वाचून झाल्यावर १९८३ च्या पुस्तिकेतलं ते एक पान कुठे मिळालं तर तेही वाचा, पण नंतर, आधी नको.